गादीखालचे एक्स-रे

मला टीबी झाला होता. हे वाक्य इतकं सरळ मी पहिल्यांदाच लिहितेय. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं. पण मग ते आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी वाचलं नसतं, आणि मला ते तिथेच वाचलं जायला हवंय.

औषधांचा कोर्स संपलाय. फुप्फुस साफ आहे, वजन परत आलंय, जिना चढताना धाप लागत नाही. राग मात्र तसाच आहे. आजारपणाने मला किती शिकवलं वगैरे वाचायचं असेल, तर हे बाजूला ठेवा. हे ज्या मुलीला घरच्यांनी खोलीत ठेवून दार ओढून घेतलंय, तिच्यासाठी आहे.

हळू बोला

वजन उतरत होतं तेव्हा सगळे कौतुक करत होते. मी अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचे. तिथली मुलगी म्हणाली, "झकास बारीक झालीस यार, डाएट सांग ना." मी नेहमीसारखी हसले. खोकला होता, पण आमच्या घरात खोकल्याला आजार मानत नाहीत. संध्याकाळी कणकण यायची, उशी घामाने भिजायची. एक दिवस उजव्या कुशीत अशी कळ आली की हातातला ब्रश खाली पडला.

कांदिवलीच्या छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पांढऱ्या दिव्याच्या पेटीवर लावला. मी घाबरायच्या आधी तो चित्र म्हणून पाहिला, हे खरं आहे. निळसर काळ्यावर पांढऱ्या बरगड्या, एकाखाली एक, फार सुंदर. उजव्या बाजूला वर एक धुरकट डाग, ओल्या कागदावर रंग सुटतो तसा. खाली पाणी साठलेलं, तिथे सगळं पांढरं.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण बरा होतो. औषधं मात्र एकही दिवस..."

"हळू बोला ना डॉक्टर," आई म्हणाली. "बाहेर माणसं बसलीयत."

आजाराचं नाव कळल्यावर माझ्या आईचं हे पहिलं वाक्य. नंतर ती रडली, माझा हात धरला, रात्रभर जागी राहिली, सगळं केलं. पण पहिलं वाक्य ते होतं, आणि मी ते विसरणार नाही. डॉक्टरांनी आवाज खरंच कमी केला. त्यांचा राग मला आईपेक्षा जास्त येतो.

शेजारची खाट

पाणी काढायला हॉस्पिटलात राहावं लागलं. पाठीत सुई घालतात तेव्हा समोरच्या टेबलावर वाकून बसायचं असतं आणि खोकायचं नसतं. एवढंच सांगते. भीती सुईआधी असते, सुई लागली की संपते.

तिथला दिवस फार लवकर सुरू होतो. आधी तापमान, मग गोळ्या, मग पाणचट चहा, मग काहीच नाही. मोबाइल पाहिला की डोळे दुखायचे. माझ्याकडे एक बॉलपेन होतं. जखमेला लावायचं तपकिरी आयोडिन ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये उरायचं, सिस्टर टाकून द्यायच्या. मी ते मागितलं. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग टोपणात ओतून दिलं. सलाइनचा खोका फाडून आतल्या करड्या बाजूवर कापसाने रंगवायला लागले. आयोडिन पहिल्यांदा मधासारखं दिसतं आणि वाळलं की फिकं होतं. म्हणजे सकाळचं चित्र संध्याकाळी निम्मं उडालेलं. मला ते आवडलं.

शेजारच्या खाटेवर जोगेश्वरीच्या एक मावशी होत्या. मला वाटलं झोपल्यात.

"मला काढतेस काय गं?"

मी खोका उलटा केला.

"लपवते कशाला? दाव." बराच वेळ पाहून म्हणाल्या, "नाक बारीक कर. आणि ह्या नळ्या कशाला काढल्यास? त्याच्या जागी कानात झुमके टाक."

"झुमके कुठायत तुमच्या कानात?"

"घरी हायत. तू टाक ना, तुझ्या बापाचं काय जातंय!"

मी झुमके काढले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा जोरात हसले आणि मग इतकी खोकले की सिस्टर धावत आल्या आणि दोघींना ओरडल्या.

घरी सोडलं त्या दिवशी मी खोक्याचे तुकडे पिशवीत भरत होते. आईने पिशवी हातातून घेतली. "इथलं काही घरी नको. सगळं इथेच राहू दे." चादर, टॉवेल, चपला आणि चित्रं पिवळ्या कचऱ्याच्या पिशवीत गेली. मावशी पाहत होत्या. "अगं, माझे झुमके!" असं त्या ओरडल्या, तेव्हा आई नुसती हसली.

रिकामी खोली

आम्ही चारकोपला राहतो. बिल्डिंग सगळी ओळखीची, निम्मी आमच्याच बाजूची, म्हणजे मालवण-कुडाळची. आजोबा गिरणीत होते, बाबा ऑफिसात आहेत, दादा कंप्यूटरवाला. मला धाकटी म्हणून छोटी खोली.

घरी आले तेव्हा ती खोली फिनेलने धुतलेली होती. टेबल रिकामं. रंगांच्या ट्यूब, ब्रश, कॉलेजपासूनच्या चित्रांच्या वह्या, हाताने बनवलेल्या कागदांचा गठ्ठा, काही नाही.

"कुठे गेलं?"

"त्या रंगांचा वास छातीला वाईट," आई म्हणाली. "आणि कागदात जंतू राहतात. बाबांनी नेऊन टाकलं."

"डॉक्टर म्हणाले असं?"

"डॉक्टर सगळं थोडंच सांगतात."

मी ओरडले नाही. मी ओरडणाऱ्यातली नाही. मी खाटेवर बसले आणि भिंतीवर चिकटपट्टीच्या ज्या चार खुणा राहिल्या होत्या त्यांच्याकडे बघत राहिले. तिथे मी काढलेलं मढच्या होड्यांचं चित्र होतं. बाबांना ते आवडायचं. बाबांनीच ते काढलं असणार, कारण आईचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

एकच गोष्ट टाकली नव्हती. आमच्या घरात एक्स-रे गादीखाली ठेवतात, सपाट राहावेत म्हणून. डॉक्टर जुने मागतात, त्यामुळे ते कधीच टाकत नाहीत. बाबांचा गुडघा, आईची मान, आजी होती तेव्हाचा तिचा मोडलेला खुबा, आणि आता माझी छाती. हे सगळं माझ्याच गादीखाली होतं. माझ्या चित्रांमध्ये जंतू राहतात, पण माझ्या फुप्फुसाच्या फोटोत राहत नाहीत, असं काहीतरी त्यांचं शास्त्र असावं.

मी बंगलोरला गेले

दादाचं लग्न ठरत होतं. मुलगी छान, घर चांगलं, बोलणी पुढे सरकलेली. घरात एकाला टीबी आहे म्हटल्यावर काय होईल, हे बाबांनी माझ्यासमोर बोलून दाखवलं नाही. माझ्या दाराबाहेर बोलले, आणि आमची दारं पातळ आहेत. दुसऱ्या दिवसापासून मी बंगलोरला नोकरीला लागले.

म्हणजे मी खोलीतच होते. पण बेल वाजली की माझा पंखा बंद, दार बंद, आणि खोकला आला तर उशीत तोंड. गॅलरीत जायचं नाही. घरी काही मागवायचं नाही, कारण डिलिव्हरीवाला माझं नाव घेईल आणि वॉचमन ऐकेल. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून दादाने ड्रॉइंग पेपर आणायचा नाही, कारण तो विचारेल, "कोणाला? सायली तर गेली ना?"

समोरच्या ब्लॉकमधल्या परब काकू संध्याकाळी यायच्या. मी दाराला पाठ लावून माझीच बातमी ऐकायचे. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, म्हणजे मी.

"काय वो, चेडवाचो फोन येता काय?"

"येता तर!" बाबा म्हणायचे. काकूंशी बोलताना त्यांची मालवणी सुटते. "काल व्हिडिओ केल्यान. पीजीत रवता. खोली बरी आसा, खिडकीत गुलमोहर."

"आणि खाता काय?"

"इडली खावन खावन कंटाळला."

"मेल्यांनू, तिका माशे धाडूक होये! सुके बांगडे दितंय, कोण जाणारो आसा काय?"

बाबा रंगात यायचे. महिन्याभरात माझ्याकडे भाड्याची स्कूटर आली, ऑफिसात माझी तारीफ झाली, रविवारी मी बागेत फिरायला गेले. आतमध्ये मी उशीचा अभ्रा चावत होते, कारण खोकला दाबला की तो छातीत कुत्र्यासारखा गुरगुरतो. काकू गेल्या की आई गरम दूध घेऊन यायची. "बघ ना, किती विचारतात तुझं," म्हणायची. तिला हे खरंच गोड वाटायचं.

काकूंचे सुके बांगडे शेवटी आमच्याकडे आलेच, बंगलोरला पाठवायला. आईने ते मला तळून दिले. मी खाल्ले. तोंडाची चव गेलेली असताना तेवढेच काय ते चवीला लागत होते.

टंचाई

हा भाग रुग्णांसाठी, कामाचा आहे.

घरात काय काय रंग देतं ते सांगते. चहाचा चोथा दोनदा उकळला तर चांगला तपकिरी मिळतो. हळद झकास पिवळी, पण उन्हात उडते. कपड्यांची नीळ पाण्यात एक थेंब पुरते. तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू सगळ्यात भरवशाचा, त्यात थोडी खळ घातली की कागदाला धरतो. काजळाची जुनी डबी काळ्यासाठी. कागद म्हणजे गोळ्यांचे खोके उलटे करून, आणि आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीची चांदी बॉलपेनच्या बंद पडलेल्या टोकाने दाबली की ठसे उठतात. माझी लघवी औषधाने केशरी व्हायची. तो रंगही मी पाहून ठेवला. वापरला नाही, एवढी मी संस्कारी.

ब्रश नव्हता. केस मुठीने गळत होते, म्हणून गळलेल्या केसांचा झुबका आइस्क्रीमच्या काडीला दोऱ्याने बांधला. तो ब्रश अगदी वाईट होता. माणसाच्या केसाला पाणी धरता येत नाही, टोकही येत नाही. मी तो तरीही बरेच दिवस वापरला.

आणि आता ज्यासाठी हा भाग लिहिला ते. स्टुडिओतल्या एका मैत्रिणीला मी फोटो पाठवले. घरच्यांव्यतिरिक्त फक्त तिला माहीत होतं. तिने लिहिलं की साधनं कमी असली की कल्पकता वाढते, बघ ना, तुला किती सुंदर संधी मिळालीय. मी फोन उशीखाली ठेवला. संधी? माझ्याकडे रंग होते. माझ्या पगारातून एकेक ट्यूब घेतलेली. ते कोणीतरी उचलून कचऱ्यात टाकले. दुष्काळ आणि चोरी यांत फरक असतो ना? हळदीने रंगवता येतं, म्हणून कुणी आपले रंग टाकले तर चालतं असं होत नाही. मी रंगवत होते कारण नाहीतर मी दारावर डोकं आपटलं असतं. तुमच्यावर ही वेळ आली तर जरूर गेरू वापरा. पण तुमचे रंग परतही मागा.

चांगल्या गोष्टीही होत्या. गणपतीत बाबा आणि दादा गावाला गेले, परब काकू गेल्या, निम्मी बिल्डिंग रिकामी झाली. "जा, बस थोडी," आई म्हणाली. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोर नुसती बंद दारं आणि कुलपं. आईने माझ्या केसांना तेल लावलं. 

बाहेर का नाही जात?

त्यानंतरच्या तपासणीला डॉक्टर खूश होते. नवा एक्स-रे काळा, स्वच्छ. "कामावर कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं. आई पर्समध्ये पाहत होती.

"मी घरीच असते," मी म्हटलं. "खोलीत."

"का? तुमच्यापासून कोणाला लागण व्हायचा प्रश्न केव्हाच संपलाय. मी सांगितलं होतं की यांना."

सांगितलं होतं. आईला सांगितलं होतं, केव्हाच. म्हणजे काकू बांगडे घेऊन आल्या तेव्हा मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसू शकले असते.

परतताना आईने नेहमीसारखी ओढणी माझ्या डोक्यावरून ओढली आणि रिक्षा मागच्या गेटला थांबवली. मी ओढणी काढली. ती परत घालायला आली, तेव्हा तिने आधी वॉचमन कुठे आहे ते वळून पाहिलं. मग मी घातली. तो दिवस माझा नव्हता.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "साखरपुडा दिवाळीनंतर लगेच आहे. तोपर्यंत फक्त. यार, एवढं कर ना माझ्यासाठी."

"तिला सांगितलंस?"

"कोणाला?"

"लग्न करणारेस तिला."

तो भातात वरण कालवत राहिला. "वाट लागेल माझी," म्हणाला.

"माझी लागलीय," मी म्हटलं. आमच्या घरात त्या आठवड्यात मी बोललेलं हे सगळ्यात लांब संभाषण.

कंदील

आमच्या गॅलरीतला आकाशकंदील दरवर्षी मी करते, शाळेत होते तेव्हापासून. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना तो माहीत आहे. खालून जाताना लोक मान वर करतात. यंदा बाबा बाजारातून प्लास्टिकचा तयार कंदील घेऊन आले. त्याला दिवा लावला की तो गोल फिरून गाणं म्हणायचा.

परब काकूंनी तो पाहिला. "शी, ह्यो काय! सायली नाय तर कंदीलाक कळाच नाय."

मी आत ऐकत होते. बाबा म्हणाले, "काय करतला, तिका रजा नाय."

काकू गेल्यावर आई आली. तिचे डोळे भरलेले. "सायू, तूच कर ना यंदाही. छोटासा. आपण स्वयंपाकघरात लावू."

"गॅलरीत का नाही?"

"तुझा हात ओळखतील गं."

तिने हे किती मायेने म्हटलं ते मला कागदावर उतरवता येणार नाही. आणि म्हणूनच माझ्या डोक्यात जो भडका उडाला, तो आजवर विझलेला नाही.

"करते," मी म्हटलं. "पतंगाचा कागद हवा, आणि कामट्या."

"आता ते कुठून आणू? विचारतील."

"ठीक आहे. घरात आहे त्यातून करते."

मी गादी उचलली आणि सगळे एक्स-रे बाहेर काढले. खराट्याचे हीर सोलून जुळवले, दोऱ्याने बांधले, चौकोनी सांगाडा उभा केला. एका बाजूला बाबांचा गुडघा, एका बाजूला आईची मान, एका बाजूला आजीचा खुबा. समोरच्या बाजूला माझी छाती, पहिली, डाग आणि पाण्यासकट.

एक्स-रेवर टोकदार वस्तूने खरवडलं की काळा थर निघतो आणि रेघेतून उजेड येतो. शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्याने मी माझ्या बरगड्यांच्या मधल्या काळ्या पट्ट्यांत बंगलोर काढलं. कधीच न पाहिलेलं. पीजीची खोली, खिडकीत गुलमोहर. भाड्याची स्कूटर. इडल्यांनी भरलेली ताटली. रविवारची बाग. बाबांनी सांगितलेलं एकही सोडलं नाही. सगळ्यात खालच्या बरगडीखाली दोरीला टांगलेले सुके बांगडे.

खाली झिरमिळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांच्या केल्या. इतक्या महिन्यांच्या साठवल्या होत्या. वाऱ्यावर त्या वाजतात.

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी आई चकलीच्या घाण्यात अडकली होती, दादा साखरपुड्याच्या हॉलवर गेला होता. मी खोलीचं दार उघडलं, गॅलरीत गेले, प्लास्टिकचा कंदील खाली काढला आणि माझा हुकाला अडकवला. आत बल्ब सोडला, पिन लावली आणि बटन दाबलं.

तो पेटला तेव्हा मीच एक पाऊल मागे सरकले. बरगड्या निळ्या उजेडात लटकत होत्या आणि त्यांच्या आत एक अख्खं खोटं शहर चमकत होतं.

"सायली!" बाबा हॉलमधून धावत आले. "काढ तो. आधी काढ. लोक बघतायत."

खाली रांगोळी काढणाऱ्या मुली खरंच मान वर करून बघत होत्या. समोरच्या गॅलरीत परब काकू पणत्या मांडत होत्या. त्या उठून कठड्याशी आल्या, चष्मा पुसला.

"गो, ह्यो कोणाचो फोटो? ही हाडां कोणाची?"

त्यांना वाटलं गॅलरीत आई आहे, पण आई स्वयंपाकघरात होती. गॅलरीत मी होते. मी चारचौघांत बोलत नाही. शाळेत उत्तर येत असूनही हात वर केला नाही कधी. 

"माझी," मी म्हटलं. ऐकू गेलं नसावं, म्हणून परत मोठ्याने. "माझी आहेत, काकू. मला टीबी झाला होता."

काकूंच्या हातातली पणती तशीच. त्यांनी कंदिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कंदिलाकडे. त्यांना ती दोरीवरची मासळी दिसली असावी.

"मगे बंगलोरसून तू कधी इलंस गो?"

मागे बाबांचा हात बटनावर होता. मला तो न पाहता कळत होता. पट्ट्या वाऱ्यावर वाजत होत्या, आणि दिवा अजून चालू होता.

"गेलेच नव्हते," मी म्हटलं.